नऊ करड्या चिठ्ठ्या

चिठ्ठीबाईंच्या नवऱ्याने बायकोच्या रागाची वर्गवारी करून ठेवली होती. सगळ्यांत वर नुसता 'राग'. त्याच्या पोटात दोन: आवाजाचा आणि बिनआवाजाचा. आवाजाच्या रागाच्या पोटात भांडी आपटणं, कपाटाची दारं आपटणं, आणि बहिणीशी फोनवर बोलताना नवऱ्याला नेमकं ऐकू जाईल इतक्या बेताने बोलणं. बिनआवाजाच्या पोटात गप्प बसणं, एका शब्दात उत्तर देणं, आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत क्वचित, सगळ्यांत घातक असा एक: नीट बोलणं. या शेवटच्या प्रकारात बाई 'कृपया' हा शब्द वापरत. तेहतीस वर्षांच्या संसारात तो शब्द घरात चारदा आला होता, आणि चारही वेळा एखादी वस्तू किंवा एखादा नातेवाईक घरातून कायमचा बाहेर गेला होता.

ही विद्या नवरा बाईंकडूनच शिकला. बाईंचा धंदाच तो.

चौकातल्या तीन मजली इमारतीत तळाला चष्म्याचं दुकान आणि वर एक संस्था. जगभरचे डॉक्टर माणसांवर अभ्यास करतात, त्यांचे जाडजूड निबंध लिहितात, आणि ते सगळे वाचायला वेळ कुणालाच नसतो. मग संस्थेला कुणीतरी विचारतं की अमुक गोळी म्हाताऱ्या माणसांना द्यावी का. संस्था त्या गोळीवरचे होते नव्हते तेवढे अभ्यास गोळा करते, वाचते, आणि सांगते, हो किंवा नाही. यातलं 'वाचते' हे क्रियापद म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा वाचनकक्ष, आणि वाचनकक्ष म्हणजे मुख्यतः चिठ्ठीबाई.

एकोणीस वर्षं त्या हेच करत होत्या. अभ्यास उघडायचा, त्यातली एकेक गोष्ट वेगळी काढायची आणि तिला चिठ्ठी लावायची. माणसं कोण होती, किती वयाची होती, त्यांना काय दिलं, पुढे काय झालं, शेवटपर्यंत कोण आलं, कोण नाही आलं. संगणकात या चिठ्ठीला टॅग म्हणत. बाईंच्या लेखी ती चिठ्ठीच, कारण त्यांनी सुरुवात केली तेव्हा ती खरोखरची कागदाची असे, रंगीत, एका कडेला चिकट. संगणक आल्यावरही बाई आपल्या छापील प्रतींवर कागदी चिठ्ठ्या लावतच राहिल्या. लोक हसत. बाई म्हणत, "तुमचं यंत्र मला विचारून बंद पडतं का?"

चिठ्ठ्यांना घराणी असत. 'पडणं' ही आजी. 'घरात पडणं' ही तिची लेक, म्हणजे खालच्यांची आई. 'न्हाणीघरात पडणं' ही नात. आजीला हाक मारली की सगळं खटलं हजर व्हायचं. नातीला हाक मारली की नात एकटीच यायची. बाईंचा नियम असा की एका लेकीला एकच आई, आणि ती विचार करून द्यायची, कारण पुढे जन्मभर लेक त्याच घरात शोधली जाणार. एकाच अर्थाच्या दोन चिठ्ठ्या झाल्या की बाई त्यांना 'जावा' म्हणत. "अर्धा माल हिच्या डब्यात, अर्धा तिच्या. मागायला गेलं की दोघी म्हणणार, आमच्याकडे एवढंच आहे बाई." जावा सापडल्या की एकीला रजा मिळे. प्रत्येक चिठ्ठीचा जन्म बाईंच्या वहीत लिहिलेला असे: तारीख, नाव, आई, कारण. अशा सहा वह्या भरल्या होत्या. सहाशे चौदा चिठ्ठ्यांचं ते घराणं बाईंनी पोटच्या लेकरांसारखं वाढवलं होतं, म्हणजे रोज त्यांच्यावर खेकसून.

आणि मग छानप्रश्न आला.

छानप्रश्न हा संस्थेने बाहेरून आणलेला सल्लागार. पस्तिशीचा, पांढरे बूट, आवाज मलईसारखा. त्याला काहीही विचारलं की तो आधी म्हणे, "छान प्रश्न आहे." कचेरी किती वाजता उघडते असं कुणी विचारलं तरी प्रश्न छानच असे. उत्तर मात्र प्रश्नाइतकं छान नसे, बरेचदा नसेच.

त्याला आणलं होतं संचालकांनी. संचालकांचं नाव बघूयासाहेब. गेली सहा वर्षं ते प्रत्येक गोष्टीला "बघू या" म्हणत आले होते, आणि त्यांनी प्रत्यक्षात काही बघितल्याची नोंद कुठेही नव्हती.

छानप्रश्नाने चिठ्ठ्यांच्या घराण्यांचं झाड हलकं केलं. हा त्याचा शब्द. बाई तेव्हा तीन आठवडे रजेवर होत्या, कारण नवऱ्याला चक्कर यायला लागली होती. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. चाळीस वर्षं उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोगद्यांत दोराला लोंबकळून काम केलं तेव्हा डोकं जागेवर होतं, आणि निवृत्त होऊन खुर्चीतून उठला की खोली फिरायला लागायची. तपासण्या झाल्या, कानात बघून झालं, डोक्याचा फोटो झाला. डॉक्टर म्हणाले, एक नवी गोळी आहे, खास वयस्कर माणसांच्या चकरेवरची, पण सरकारी दवाखान्यात यायची आहे. कुठल्याशा संस्थेचा अहवाल झाला की येईल.

"कुठल्याशा नाही," नवरा अभिमानाने म्हणाला, "ही बसलीय ना, हिचीच संस्था."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाईंनी चपला काढल्या की खुर्चीतून प्रश्न येई, "आमची गोळी कुठवर आली?"

"जिन्यात आहे," बाई म्हणत. "लिफ्ट बंद पडलीय."

रजेवरून परत आल्या तेव्हा सहाशे चौदाच्या नव्वद चिठ्ठ्या उरल्या होत्या. वाचनकक्षातलं छापील प्रतींचं कपाटही गेलं होतं. त्या जागी एक पिवळा सोफा होता, मोकळ्या चर्चेसाठी. त्यावर बाईंचे सहकारी डुलकीकाका मोकळेपणाने झोपले होते.

"काका, कपाट कुठंय?"

काकांनी एक डोळा उघडला. "जिन्याखाली नेलं. मी नको म्हटलं होतं बाई."

"जोरात म्हटलं होतं?"

"मनात म्हटलं होतं."

त्या दिवशी बाईंनी वाचनकक्षाचं दार असं आपटलं की तळाच्या चष्मेवाल्याने वर फोन करून विचारलं, काही पडलं का. पण राग तेवढाच. म्हणजे कपाटाच्या जातीचा. नोकरी म्हटली की सोफे यायचेच, असं त्या स्वतःला समजावत होत्या.

खरा राग आला सोमवारी.

चकरेच्या गोळीच्या अहवालाचा मसुदा टेबलावर आला. एकतीस अभ्यास, सगळे बाईंनीच वाचलेले. शुक्रवारी तो सरकारकडे जायचा होता. बाई चहाचा कप हातात घेऊन वाचू लागल्या. चक्कर कमी झाली: बऱ्याच जणांची. तोंड कोरडं पडलं: काही जणांचं. अभ्यास अपूर्ण: सत्तेचाळीस. निष्कर्ष: गोळी सुरक्षित दिसते.

बाईंनी कप खाली ठेवला. पान उलटलं, परत सुलटलं. मग संगणकात 'मृत्यू' ही चिठ्ठी शोधली.

शून्य.

आपण चुकीचं लिहिलं असेल म्हणून परत लिहिलं. शून्य.

आता, बाईंना सगळे अभ्यास पाठ होते असं नाही. पण काही माणसं त्यांच्या डोक्यातून जात नसत. एकोणिसाव्या अभ्यासात एक निवृत्त शिंपी होता. निबंधात त्याला नाव नव्हतं, नुसता सहभागी क्रमांक आठ, पण त्याची चक्कर बरी झाल्यावर तो पुन्हा यंत्रावर बसू लागला, असं त्या डॉक्टरने कौतुकाने लिहिलं होतं. दोन पानांनंतर, बारीक अक्षरात: सत्तावन्नाव्या दिवशी झोपेत निधन, औषधाशी संबंध नसावा. बाईंनी तिथे करडी चिठ्ठी लावली होती. मृत्यूला त्या करडी लावत. काळी लावली तर वाचणारा दचकतो, आणि पांढरी दिसतच नाही. अशा करड्या चिठ्ठ्या या एकतीस अभ्यासांत त्यांनी बऱ्याच लावल्या होत्या. आठ, नऊ, दहा. आणि यंत्र म्हणत होतं, कुणी मेलंच नाही.

बाई छानप्रश्नाच्या काचेच्या खोलीत गेल्या.

"या अभ्यासांतली मेलेली माणसं कुठे गेली?"

"छान प्रश्न आहे," तो म्हणाला. मग त्याने यंत्रात बघितलं. "हां. विलीन झाली. नियम आहे ना आपला, एका विषयात दहापेक्षा कमी वेळा वापरलेला टॅग वरच्या टॅगमध्ये विलीन करायचा. हा नऊ वेळा होता. त्याचा वरचा टॅग 'अभ्यास अपूर्ण'. म्हणजे माहिती कुठेही गेलेली नाही मॅडम, ती सत्तेचाळीसमध्ये सुरक्षित आहे."

"नऊ होते म्हणून गेले."

"हो."

"म्हणजे आणखी एक माणूस मेला असता तर चिठ्ठी वाचली असती."

छानप्रश्नाने यंत्रातला आकडा परत बघितला. "तांत्रिकदृष्ट्या, हो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तकात जागा कमी पडली म्हणून परत तळपायात आली. "ज्याने दवाखाना लांब पडतो म्हणून येणं बंद केलं तो, आणि जो झोपेत मेला तो, दोघांचा अभ्यास अपूर्ण?"

"पूर्ण तर झाला नाही ना," छानप्रश्न अगदी मऊपणे म्हणाला. "आणि मॅडम, प्रत्येक अभ्यासात जेमतेम एकेक आहे. मूळ लेखकांनीच लिहिलंय, संबंध नसावा."

"अहो, एकेक आहे म्हणूनच तर चिठ्ठी लावायची. प्रत्येकाला वाटलं आपल्याकडचा एकच म्हातारा गेला, वय झालं होतं. ते नऊ जण एका ओळीत उभे केले तरच कळेल ना काय झालं ते. ओळीत उभं करायचं काम आपलं. आणि तुम्ही त्यांना गर्दीत सोडून दिलंत."

"यंत्रातली मागची प्रत काढून घेता येईल," तो म्हणाला. "दहा दिवस लागतील."

"शुक्रवारी अहवाल जातोय."

"तो प्रश्न साहेबांचा."

बघूयासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "बघू या. बुधवारी अकराला बैठक आहेच. पण बाई, आठवणीवर अहवाल थांबवता येत नाही. काहीतरी हातात असलं पाहिजे."

मंगळवारचा अख्खा दिवस बाई जिन्याखाली होत्या.

त्या जागेत जुने पंखे, मोडक्या खुर्च्या आणि एक भिंतीला टेकवलेली गोल पाटी होती. कपाट आडवं पडलेलं, दार भिंतीकडे. डुलकीकाकांनी आणि त्यांनी मिळून ते फिरवलं, तेव्हा काका एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घामाघूम झाले.

"बाई, तुम्ही म्हणाल तर जोरात म्हणतो आता," काका धापा टाकत म्हणाले.

"आता राहू द्या. बॅटरी धरा. आणि झोपू नका, उजेड हलतो."

फायली भिजल्या नव्हत्या, एवढं नशीब. बाई धुळीत फतकल मारून बसल्या आणि एकेक उघडू लागल्या. हिरव्या चिठ्ठ्या, पिवळ्या, निळ्या. आणि मध्येच एखादी करडी. एकोणिसाव्या अभ्यासातला शिंपी. चौथ्यातल्या एक बाई, बहात्तर वर्षांच्या, दुपारच्या झोपेत. अकराव्यातला बसचालक. प्रत्येक ठिकाणी तीच बारीक अक्षरं, तोच 'संबंध नसावा'. बाई मोठ्याने वाचत गेल्या आणि दर फायलीगणिक त्यांचा आवाज चढत गेला, इतका की जिन्यावरून जाणारी माणसं पाय न वाजवता जाऊ लागली.

"नऊ," शेवटी त्या म्हणाल्या. "नऊपैकी खरी गोळी किती जणांना होती?"

काकांनी बॅटरीच्या उजेडात बोटांवर मोजलं. "आठ. एकाला नुसती साखरेची, तुलनेसाठी देतात ती."

"आणि खरी घेणारे नि साखरेची घेणारे, दोन्हीकडे माणसं सारखीच?"

"सारखीच."

काकांना त्या दिवशी पुढे झोप आली नाही.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा केसांत जळमटं होती. नवरा खुर्चीतून म्हणाला, "आमची गोळी कुठवर..." आणि बायकोचं तोंड बघून वाक्य तिथेच गिळलं.

बाईंनी सांगितलं. भांडी न आपटता, गप्पही न बसता, सगळं. नवऱ्याने ऐकलं. मग बराच वेळ टेबलाची कड चोळत बसला.

"दहापेक्षा कमी असलं की नोंदच ठेवायची नाही?" तो म्हणाला. "अगं, आमच्याकडे चाळीस वर्षांत दोर तुटला दोनदा. दरवाजा अडकण्याच्या तक्रारी महिन्याला दोनशे. म्हणून काय दोर तुटणं हे दरवाजा अडकण्याच्या वहीत लिहायचं? लिफ्ट नीट चालली नाही, एवढं खरं ना दोन्हीकडे."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "हे मला उद्या म्हणायचंय."

"म्हण की. माझं नाव लाव."

"तुमचं नाव लावून कोण ऐकणार?"

मग बाई घरच्या कपाटातल्या वह्या घेऊन बसल्या. बैठकीत त्यांना छानप्रश्नाला पुराव्यानिशी उघडं पाडायचं होतं. 'मृत्यू' ही चिठ्ठी कधी जन्मली, का जन्मली, तिला किती विचार करून जागा दिली, हे सगळं वहीत असणार. तिसऱ्या वहीत ते सापडलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर त्यांचंच, वळणदार.

मृत्यू. आई: अभ्यास अपूर्ण. कारण: तूर्तास. नंतर बघू.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा काढून वाचली, मग लावून.

त्या दिवशी काय झालं होतं ते त्यांना आठवलंही. पाच वाजून गेले होते, धाकट्या बहिणीकडे जायचं होतं, आणि मृत्यूला स्वतंत्र घराणं द्यायचं म्हणजे त्याच्या पोटात काय काय येणार हे ठरवायला अख्खा दिवस गेला असता. म्हणून जवळ दिसलेल्या पहिल्या आईच्या मांडीवर त्यांनी ती लेक ठेवली होती. क्षणभर धरा हो, आलेच, म्हणून. आणि अकरा वर्षं परत वळून बघितलं नव्हतं. ती स्वतंत्र आजी असती तर छानप्रश्नाच्या नियमाला तिला विलीन करायला वर कुणी सापडलंच नसतं. मांडी बाईंनी दिली होती. त्याने नुसता पदर पांघरला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

बाईंनी वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने वाचलं.

"नंतर बघू," तो म्हणाला. "हे तर तुझे साहेब म्हणतात."

त्यावर घरात जी शांतता झाली ती त्याच्या वर्गवारीत नव्हती.

"ही वही नेलीच पाहिजे असं आहे का?" थोड्या वेळाने त्याने जपून विचारलं. "नऊ फायली आहेत ना हातात. त्या पुरतील."

जेवताना बाईंनी दोनदा पाणी सांडलं, आणि दोन्ही वेळा पाण्यालाच बोलल्या.

बुधवारी अकराला बैठक बसली. लांब टेबल, आठ माणसं, पाण्याच्या आठ बाटल्या. एका टोकाला बघूयासाहेब, उजवीकडे छानप्रश्न, डावीकडे चिठ्ठीबाई, आणि त्यांच्या मागे नऊ फायली कवटाळून उभे डुलकीकाका. त्यांना खुर्ची होती, पण बसलो तर डोळा लागेल या भीतीने ते उभे होते.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मला कृपया दहा मिनिटं द्यावीत."

नवरा तिथे असता तर टेबलाखाली गेला असता.

बाईंनी नऊ फायली टेबलावर एका ओळीत मांडल्या. प्रत्येक फाईल करड्या चिठ्ठीपाशी उघडली. आणि प्रत्येकीतली एकच ओळ वाचली, आवाज न चढवता, शाळेत हजेरी घ्यावी तशी. शिंपी, सत्तावन्नावा दिवस, झोपेत. बसचालक, एक्केचाळिसावा दिवस, झोपेत. वाचून झालं की पुढची फाईल. नववी वाचून झाली तेव्हा एकाही बाटलीचं झाकण उघडलेलं नव्हतं.

"आठ जणांना खरी गोळी होती, एकाला साखरेची," बाई म्हणाल्या. "आपल्या अहवालात हे नऊही जण, ज्यांना यायचा कंटाळा आला त्यांच्यात बसलेत."

"बघू या," साहेब सवयीने म्हणाले.

"बघा ना साहेब. त्यासाठीच मांडलंय. कृपया उठून बघा."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मग, संस्थेच्या इतिहासात प्रथमच, ते उठले आणि खरोखर बघू लागले. एका फायलीवर वाकले, वाचलं, दुसरीवर गेले. पाचव्या फायलीपाशी त्यांनी चष्मा पुसला, पण या वेळी पुसून परत लावला.

छानप्रश्न मघापासून वहीच्या कोपऱ्यावर काहीतरी गिरवत होता. तो बिचारा वाईट माणूस नव्हता. त्याला नव्वद ही संख्या आवडत होती, एवढंच. पण आता त्याच्या मलईला आंबट वास येऊ लागला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "माझा नियम फक्त वरच्या टॅगमध्ये विलीन करतो. ज्याला वरचा टॅगच नाही, त्याला तो हात लावत नाही. मग मृत्यू हा टॅग 'अभ्यास अपूर्ण'च्या खाली मुळात ठेवला कुणी?"

डुलकीकाकांनी छताकडे बघितलं. बाईंना आत असा राग आला की कानशिलं ठणकली. आणि तो छानप्रश्नावर नव्हता, हेच सगळ्यांत असह्य होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पाच वाजता घाईने पर्स आवरणाऱ्या बाईचा दंड धरून तिला परत खुर्चीत बसवावं असं त्यांना झालं.

"छान प्रश्न आहे," चिठ्ठीबाई म्हणाल्या. "मी."

त्यांनी पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि ती फायलींच्या ओळीत दहावी म्हणून ठेवली.

"वाचा. तूर्तास, नंतर बघू. हे माझं अक्षर. चुकीच्या घरात मी ठेवली. तुम्ही न विचारता ते घर पाडलंत. दोघांनी मिळून नऊ माणसं घालवली, आणि आता दोघांनी मिळून ती परत काढायची. मागच्या प्रतीला दहा दिवस लागतात म्हणालात ना, मला आणि काकांना कागदावरून एक दिवस लागला. जिन्याखालच्या धुळीत. सोफ्यावर नाही."

छानप्रश्न वही वाचत होता. त्याने ती जरा जास्तच वेळ वाचली.

"आणि आणखी एक," बाई म्हणाल्या. "लिफ्टचा दोर चाळीस वर्षांत दोनदा तुटतो आणि दरवाजा महिन्याला दोनशे वेळा अडकतो. तुमच्या नियमाने दोर तपासायलाच नको. हे माझं नाही. एका मेकॅनिकचं आहे. कृपया त्याच्या नावावर लिहा."

अहवाल शुक्रवारी गेला नाही. पुढच्या गुरुवारी गेला, आणि त्यात मृत्यू ही चिठ्ठी स्वतंत्र होती, आई नसलेली, पहिल्याच पानावर, खाली आठ आणि एक असे आकडे. निष्कर्षात लिहिलं होतं की या गोळीला आत्ता हो म्हणता येत नाही. झोपेतले मृत्यू बघता हृदयाकडे लक्ष ठेवून आणखी अभ्यास व्हावा. छानप्रश्नाचा नियम उठला नाही; विलीन करण्याआधी वाचणाऱ्याला विचारावं, एवढी एक ओळ त्याला जोडली गेली. सोफाही राहिला. साहेबांनी बाईंच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली, वर्गीकरणातील दुर्लक्षाबद्दल, आणि अभिनंदनाचं पत्र द्यायचं की नाही ते बघू या म्हणाले. बाईंनी ताकीद घेतली. त्यातल्या 'दुर्लक्ष' या शब्दावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं, पण ती टंकणाऱ्याने तारीख चुकवली होती म्हणून कागद दोनदा परत पाठवला.

पण हे सगळं नंतर. त्या बुधवारी संध्याकाळी बाई घरी आल्या, चपला काढल्या, आणि खुर्चीतून रोजचा प्रश्न आला नाही.

"विचारा की," बाई म्हणाल्या.

"नको. कळलं तोंडावरून," नवरा म्हणाला. "म्हणजे गोळी नाही."

"नाही."

"आणि चक्कर?"

"चक्कर आहे. उठताना खुर्चीचा हात धरायचा, उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे, मग पाऊल टाकायचं. रोज. विसरायचं नाही."

"किती दिवस?"

"अहो, मला काय माहीत किती दिवस." एकाएकी त्यांचा आवाज फुटला, भांड्यांच्या जातीचा, ओळखीचा. "दोन महिने रोज विचारत होता, गोळी कुठवर आली, गोळी कुठवर आली. आली असती शुक्रवारी. पहिला नंबर लावून तुम्हीच उभे राहिला असता, माझ्या संस्थेची म्हणून मिरवत. सत्तावन्न दिवस मिरवला असता."

नवऱ्याने हे ऐकून घेतलं. कुठल्या प्रकारात टाकायचं ते त्याला समजलं नसावं. मग तो म्हणाला, "दोराचं सांगितलंस का?"

"सांगितलं."

"माझ्या नावावर?"

"लिहून घ्यायला लावलं."

तो एवढा खूश झाला की लगेच उठू लागला. बाईंनी नुसतं बघितलं. तो परत बसला.

बाईंनी टेबलावर सहाही वह्या काढल्या. तिसऱ्या वहीतली ती ओळ त्यांनी एका रेघेत खोडली आणि खाली लिहिलं: मृत्यू. आई: नाही. मग कारण लिहायला घेतलं आणि अर्धं पान भरलं. ते झाल्यावर पहिली वही पहिल्या पानापासून उघडली, आणि जिथे जिथे 'तूर्तास' लिहिलं होतं तिथे तिथे पेन्सिलीने खूण करू लागल्या. पहिल्या वहीत सात निघाले. दुसऱ्यात अकरा. दर खुणेला त्या स्वतःला काहीतरी म्हणत होत्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"चष्म्याचं घर आतच राहिलं तुझं," नवरा म्हणाला. "आणून देतो."

त्याने खुर्चीचा हात धरला. उठला. उभा राहिला. आणि बायकोला ऐकू जाईल इतक्या बेताने, मुद्दाम सावकाश, मोजू लागला. एक. दोन. तीन. मध्येच थांबून खिडकीबाहेर बघितलं. चार.

"सरळ मोजा," बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

"घाई करायची नाही असं डॉक्टर म्हणतात. पाच. सहा."

चौथ्या वहीतला एक 'तूर्तास' समोर होता आणि पेन्सिलीचं टोक त्याच्या बरोबर वर होतं. पण सात झाले, आठ झाले, नऊ झाले, तरी ती खाली टेकली नाही. दहा म्हणून त्याने पहिलं पाऊल टाकलं, ते नीट पडलं, आणि मग बाईंनी खूण केली.